दगडांचा सात-बारा

मी भाऊसाहेबांचे दगड ॲसिडने धुतले.

एकही सोडला नाही. धुऊन झाल्यावर ते अंगणात उंचीप्रमाणे लावले, लहान पुढे, मोठे मागे, शाळेच्या फोटोत पोरं उभी करतात तसे. हा दुसरा भाग मी सहसा सांगत नाही. पहिल्यावर माणसं नुसती हसतात, दुसरा ऐकला की "तुम्ही कुठल्या कंपनीत म्हणालात?" असं विचारतात.

भाऊसाहेब म्हणजे माझे बारामतीचे घरमालक. जन्मभर तलाठ्याची नोकरी केलेल्या माणसाला नाव उरत नाही. तो 'भाऊसाहेब' होतो आणि निवृत्तीनंतरही तोच राहतो. त्यांची निम्मी नोकरी बारामती तालुक्यात झाली, निम्मी इंदापुरात. मी ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत विक्रीला होतो. कंपनीने बारामतीला टाकलं आणि कालव्याच्या अंगाला असलेल्या त्यांच्या घराची वरची खोली बघायला गेलो, तेव्हा त्यांनी मला ओसरीवर बसवून एक आखलेला कागद पुढे ओढला.

"नाव?"

सांगितलं.

"भोगवटादार एकटंच का मंडळी हायती?"

"एकटाच."

"इतर हक्क?"

"म्हणजे?"

"म्हंजे तुमच्यावर आनखी कुणाचा हक्क हाय का? आई येनार, भाऊ येनार, मित्र येऊन राहनार. आदी सांगायचं. मागनं आलेली हरकत मी घेत न्हाय."

आतून एक बाई ओरडल्या, "अवं, च्या प्यायचा का ती इचारा आदी! का त्याची बी नोंद घालायची हाय?"

भाऊसाहेब माझ्याकडे वाकून हळू आवाजात म्हणाले, "आमच्या सर्कल." तलाठ्याने केलेली नोंद मंजूर करायचा अधिकार वरच्या सर्कल साहेबाला असतो. ह्या घरातले सर्कल साहेब स्वयंपाकघरात असायचे. मी त्यांना काकू म्हणू लागलो. दुसऱ्या दिवसापासून मला दोघांनीही 'ठिबक' म्हणायला सुरुवात केली.

ओसरीवर भिंतीला लागून लोखंडी मांडण्या होत्या आणि त्यांच्यावर दगड. मला आधी वाटलं, कुठल्यातरी बांधकामाचं उरलेलं असेल. आपल्या भागात दगड म्हणजे काळाच. एखादी गारगोटी, एखाद्याच्या पोटात विहिरीतून निघतात तसले पांढरे चमचमते स्फटिक, पण बाकी सगळे काळे, आणि एकमेकांना इतके सारखे की सख्खे भाऊही लाजावेत.

"हे कसले दगड आहेत, भाऊसाहेब?"

"कसलं म्हंजे? दगड हायती."

"नाही, म्हणजे त्यांचं विशेष काय?"

"विशेष काय न्हाय. म्हनून तर नोंद लागती. ताजमहालाची नोंद नसली तरी चालतंय. त्यो ओळखू येतो."

मी ती नोंद बघायला मागितली.

प्रत्येक दगडाचा स्वतंत्र सात-बारा होता. कापडी पाठीच्या लांबट वहीत, पट्टीने आखून, तांबड्या-निळ्या शाईत. दगडाचा नंबर. कुठल्या गावच्या शिवारात सापडला, कुणाच्या रानात. विहीर खणताना निघाला, का नांगराला लागला, का चालताना ठेच लागून ओळख झाली. भोगवटादार: स्वतः. पोटखराबा: म्हणजे दगडाचा जेवढा भाग फुटका किंवा मातकट असेल तेवढा. 'इतर हक्क' हा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा, पण एका दगडापुढे लिहिलं होतं, 'शेळगावची बहीण म्हणते, माझ्या दारातला आहे. विचाराधीन.'

'आकार' असा एक रकाना दिसला तेव्हा मला हायसं वाटलं. निदान गोल का लांबट एवढं तरी कळेल. पण तलाठ्याच्या भाषेत आकार म्हणजे जमिनीवर बसणारा सारा. प्रत्येक दगडापुढे त्या रकान्यात 'निरंक' असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. रंगाचा रकानाच नव्हता.

"रंग कशाला ल्हायचा?" ते म्हणाले. "पावसात येगळा, उन्हात येगळा. साक्षीदार असा फिरायला लागला तर त्याला कोर्ट उभं करत न्हाय."

"मग दगड ओळखायचा कसा?"

ह्या प्रश्नाचं त्यांना खरोखर हसू आलं. "जमीन कशी वळखत्यात? चतुःसीमेवरनं."

आणि खरंच, प्रत्येक उताऱ्याखाली चतुःसीमा होती. पूर्वेस दगड क्रमांक बावीस, पश्चिमेस दगड क्रमांक वीस, उत्तरेस भिंत, दक्षिणेस वहिवाटीची मोकळी जागा. एखादा दगड ह्या फळीवरून त्या फळीवर गेला की त्याचा फेरफार व्हायचा. नवीन दगड आला की ओसरीच्या दाराला नोटीस लागायची: 'कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी.' हरकत घ्यायला घरात काकू आणि मी. दोघांनीही कधी घेतली नाही.

दगडाच्या बुडाला चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर बॉलपेनने नंबर. रंगाने नंबर का टाकत नाही, असं मी विचारलं होतं. "दगडाचं त्वांड रंगवायला त्यो काय बैल हाय?" असं उत्तर आलं.

ते दगड नुसते उचलत नसत. पंचनामा करून उचलत. एकदा सोमेश्वरनगरच्या वाटेला होतो. एका बागायतदाराकडे माझा डेमो होता आणि भाऊसाहेब हवा खायला म्हणून गाडीवर मागे बसले होते. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून जीव मुठीत धरून चाललो होतो, एवढ्यात त्यांनी माझ्या खांद्यावर दोन थापा मारल्या. मला वाटलं, लघवी लागली असेल. थांबलो. ते उतरून थेट एका नव्या विहिरीच्या ढिगाऱ्यावर चढले, बराच वेळ उकरत बसले, मग एक दगड रुमालात घेऊन म्हणाले, "पंच बोलवा."

एक पंच मी. दुसरा म्हणून विहिरीच्या मालकाला, एका आबाला, रानातून बोलावून आणलं. भाऊसाहेबांनी पिशवीतून कागद काढला. विहिरीपासून बांधापर्यंत पावलं टाकली. लिहायला बसले. आबाचा चेहरा उतरत गेला.

"भाऊसाहेब, काय निघालंय काय?"

"निघालंय की."

"कुठनं कुठं?"

"हितनं बारामतीला."

आबाने टोपी काढून डोकं पुसलं. "रुंदी किती म्हनायची?"

"वीतभर."

आबा कडवट हसला. सरकारची वीत केवढी असते हे त्याला ठाऊक होतं.

संध्याकाळी आमच्या ओसरीवर गाड्यांची रांग. रस्ता कुणाच्या रानातून चाललाय, घरं वाचतायत का, मोबदला कुठल्या दराने. भाऊसाहेबांनी सगळ्यांना दगड दाखवला. एकाने तो हातात घेऊन सगळीकडून निरखला आणि बाकीच्यांना म्हणाला, "बगा, खुनंचा दगड बी आनलाय." त्यानंतर प्रत्येक पंचनाम्याच्या डोक्यावर ते लिहायला लागले: 'सदर पंचनामा दगडापुरता मर्यादित.' त्याने तर गावोगाव जास्तच घबराट पसरली. काही नसताना असलं वाक्य कोण लिहितं?

दगड ओसरीवर उघडे पडलेले असत आणि ओसरीला कडीही नव्हती. वही मात्र लोखंडी पेटीत, डांबरगोळ्या घालून, कुलपात. तिची एक झेरॉक्स बँकेच्या लॉकरमध्ये. तिला जागा व्हावी म्हणून काकूंच्या पाटल्या घरी आणून तांदळाच्या डब्यात ठेवल्या होत्या. दुसरी झेरॉक्स शेळगावला बहिणीकडे, बाजरीच्या कणगीत, कडुलिंबाच्या पाल्यात गुंडाळून. ती ठीक आहे ना हे बघायला ते अधूनमधून शेळगावला जात आणि बहीण म्हणे, "दादा, बाजरी खाली जाऊ दे की आदी." शिवाय वहीच्या पानांचे फोटो माझ्या मोबाइलवर. ते मी एका रविवारी काढले, पान न् पान.

"आता दगडांचेही काढून ठेवू का?" मी तेव्हा विचारलं होतं.

"दगडाचं फोटू कशाला? दगड काय पळून चाललाय? कागद जातो, ठिबक. उंदरानं गेलेला बघितला, वाळवीनं गेलेला बघितला, सख्ख्या भावानं गेलेला बघितला. दगड गेलेला मी सबंध नोकरीत एक न्हाय बघितला."

मी मान डोलावली. मला ते इतकं पटलं की मी ते दोन गिऱ्हाइकांनाही ऐकवलं.

आता ह्या सगळ्याची तातडी काय होती ते सांगतो. भाऊसाहेबांचा मुलगा पुण्याला इंजिनीयर. दिवाळीनंतर ओसरी पाडून रस्त्याच्या बाजूला दुकानगाळे काढायचे, असं त्याने ठरवलं होतं, आणि दगड पायाच्या भरावात टाकायचे, असंही. "बाबा, नाहीतरी भरावाला दगड विकत आणावे लागणारच आहेत," असं तो फोनवर अगदी प्रेमाने म्हणायचा. भाऊसाहेब फोन ठेवून मांडणीकडे बघत बसायचे. मग कुणीतरी त्यांना एका कॉलेजातल्या भूगोलाच्या मॅडमचं नाव सुचवलं. मॅडमनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, एक कपाट देऊ शकते, पण नोंद आणि दगड जुळले पाहिजेत. नोंदीशिवाय दगड म्हणजे खडी.

ह्या वाक्याने भाऊसाहेब वेडे झाले. दूधवाल्याला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं. "नोंदीबिगर दगड म्हंजे खडी! उभ्या जन्मात पैल्यांदा कुनीतरी शानं भेटलं." मॅडम दसरा झाल्यावर येणार होत्या. जुळलं तर कपाट, नाही तर भराव.

तर त्या दसऱ्याच्या आधी काकूंनी दसरा काढला.

दसरा काढणं म्हणजे घटस्थापनेच्या आत घरातली प्रत्येक वस्तू धुणं. गोधड्या, पाट, डबे, देव, सगळं. कालव्याला पाणी सुटलेलं होतं. भाऊसाहेब बाजरीतली झेरॉक्स बघायला शेळगावला गेले होते. जाताना मला बजावून गेले होते, "वहीला हात लावू नका." काकू गोधड्यांचं बोचकं बांधता बांधता म्हणाल्या, "ठिबक, तेवढी दगडं अंगनात काढून द्या. मांडन्या धुवायच्यात."

मी वहीला हात लावला नाही. माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढं एकच आहे आणि त्याचा मला कधीही उपयोग झालेला नाही.

दगड मी घमेल्यात भरून आणले आणि अंगणात ओतले. तेव्हा माझं लक्ष गेलं. बऱ्याच दगडांवर पांढरट थर होता. हा थर माझ्या ओळखीचा होता! ठिबकच्या नळ्यांची तोंडं ह्याच थराने बुजतात आणि त्यावर ॲसिडचं पाणी सोडायचं, हे मी आठवड्यातून चारदा शेतकऱ्यांना सांगत होतो. 'क्षार घालवा, ठिबक चालवा' ही आमच्या कंपनीची घोषणा. मॅडम येणार, आणि भाऊसाहेबांचे दगड असे कळकट? वरून डेमोचा कॅन आणला, पिंपात पाणी घेतलं, बेताचं ॲसिड टाकलं आणि एकेक दगड बुडवायला लागलो. काय सुंदर फसफसले म्हणून सांगू.

काकू कालव्यावर निघता निघता थांबल्या. "काय वाजतंय ती?"

"क्षार जातोय, काकू."

"मंग जाऊ द्या की."

थोड्या वेळाने पाण्यावर चिकटपट्ट्या तरंगायला लागल्या. त्यांच्यावर नंबर आहेत हे मला माहीत होतं, नव्हतं असं कसं म्हणू? पण मी असा विचार केला, की नंबर तर वहीत आहेतच.

भाऊसाहेब दुपारी आले. टोपीवर बाजरीची धूळ होती. फाटकातच थबकले. समोर त्यांचा सगळा संसार ओला, काळाकुळकुळीत, उंचीप्रमाणे रांगेत.

"वही?" त्यांनी विचारलं.

"सुखरूप. हात लावलेला नाही."

"ब्येस." ते पायरीवर बसले, पाणी प्यायले, टोपी झटकली. मग उठून पुढच्या रांगेतला एक दगड उचलला, उलटा केला. ठेवला. दुसरा उचलला, उलटा केला. तिसरा. मग ते दगडांच्या मध्येच खाली बसले.

"ठिबक, ह्यातला एकवीस कुठला?"

मी म्हणालो, "वहीत बघू या."

पेटी उघडली. मी वाचलं, "क्रमांक एकवीस. आकार निरंक. पूर्वेस बावीस, पश्चिमेस वीस."

"बावीस कुठाय?"

"पश्चिमेस एकवीस."

"आन ईस?"

"पूर्वेस एकवीस."

भाऊसाहेबांनी माझ्या हातातून वही हळूच काढून घेतली आणि मिटली. काकू ओल्या गोधड्या घेऊन आल्या, आमच्याकडे बघितलं, दगडांकडे बघितलं आणि एक शब्द न बोलता आत गेल्या. मला वाटलं, माझी कीव आली असेल.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मी खोली सोडून सुटलो असतो. त्यांनी फेरमोजणी जाहीर केली. मी कंपनीत आजारी असल्याचं कळवलं आणि आम्ही दोघं अंगणात बसलो. वहीत गावं होती, रानं होती, पंचांची नावं होती. अंगणात दगड होते. आणि ह्याचा त्याला पत्ता नव्हता. भाऊसाहेब एखादा दगड हातात घेऊन डोळे मिटायचे.

"ह्यो निघाला तवा ऊन मरनाचं हुतं. आन कुनीतरी ताक दिलं."

"कुणी?"

"ती आठवलं असतं तर नंबर नसता का आठवला?"

काही दगड ते त्या पांढऱ्या थराच्या नक्षीवरून ओळखत असत, हे मला तेव्हा कळलं. थर मी घालवला होता. आम्ही 'नक्की', 'बहुतेक' आणि 'संशयित' असे तीन ढीग केले. सकाळी 'नक्की'मध्ये असलेला दगड दुपारी 'संशयित'मध्ये जायचा आणि चहानंतर परत यायचा. एका दगडाला तर आम्ही दोन वेगवेगळ्या दिवशी दोन नंबर दिले आणि नंतर लक्षात आलं, तो संग्रहातला नव्हताच. फाटक वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलेला होता. शेळगावहून बहिणीचा फोन आला, "दादा, समदी मिसळली म्हनं? माझा तेवढा हुडकून ठिव."

मला तर रात्री जेवताना ताटातली भाकरीही कुठल्या शिवारातली असं वाटू लागलं होतं. मॅडम यायच्या आदल्या दिवशी 'नक्की'च्या ढिगात एक गारगोटी उरली होती. तेव्हा मी, माझ्या परीने, मार्ग काढला.

"भाऊसाहेब, एक सुचवू? सगळे काळेच तर आहेत. मॅडमना काय कळणार? मी नव्या पट्ट्या आणतो आणि एकपासून लावत सुटतो."

त्यांनी चष्मा काढला. आवाज चढवला नाही, उलट खाली आणला.

"इंदापुरात असताना एक जन घरी पेढ्याचं खोकं घेऊन आला हुता. एक नाव फकस्त खालचं वर घ्या म्हनला. ज्येचं नाव खाली जानार त्याला मी वळखत बी नव्हतो. पेढं परत धाडलं. सर्कल आजून ऐकवत्यात, पेढं तरी ठेवायचं हुतं म्हनून." ते थांबले. "मान्साच्या टायमाला केली न्हाय ती खोटी नोंद आता दगडासाठी करू व्हय?"

मी म्हणालो, नको. दुसरं काय म्हणणार?

मॅडम स्कूटीवरून आल्या. डोक्याला स्कार्फ, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. भाऊसाहेबांनी त्यांना खुर्ची दिली आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. मॅडमनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"ॲसिडने धुतलेत?"

"बेताचं होतं."

"कुठला फसफसला, कुठला नाही, ते वेगळे ठेवलेत? तीसुद्धा एक परीक्षा असते दगडाची."

"नाही. उंचीप्रमाणे लावले."

भाऊसाहेबांनी वही उघडली. शेवटच्या पानावर एकच फेरफार लिहिलेला होता, सगळ्या दगडांचा मिळून. तो त्यांनी उभं राहून वाचला: "सदर सर्व दगड भाडेकरूने ॲसिडने धुतल्यामुळे त्यांची ओळख नष्ट झाली. तत्पूर्वी नोंदी व दगड तंतोतंत जुळत होते." मग म्हणाले, "एवढी सही करतो, मॅडम. मंग तुमी दगडं घेतली न्हाय तरी माझी तक्रार न्हाय. पोराला कळवतो, भर म्हनावं पाया." आणि पेनाचं टोपण काढलं.

काकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या.

"सही करू नका."

"का?"

"दुसरं वाक्य खोटं हाय."

ट्रे माझ्या हातात देऊन त्या पायरीवर बसल्या. आणि मग जे निघालं ते असं, की लोणच्याच्या बरणीत फोडी दाबायला दगड लागायचा. शेंगदाणे कुटायला लागायचा. पापड वाळत घातले की फडक्याच्या चार कोपऱ्यांना चार लागायचे. हाताशी मांडणी होतीच.

"आन परत कुठं ठेवायची?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"जागा दिसंल तितं."

"कवापास्नं?"

"मांडन्या आल्या तवापास्नं."

"बुडाला पट्टी हुती की!"

"लोनच्याच्या तेलानं निघायची. मंग मी नवी लावायची. घरात बॉलपेन काय कमी हायती?"

"नंबर कुठला घालायची?"

"आठवंल त्यो."

"अगं, पर मी नोटीस लावत हुतो दाराला! हरकत का न्हाय घेतली?"

"मला कशाला हरकत? मला दगडं लागतच हुती." मग त्या जरा नरमल्या. "बोलनार न्हवती मी. ठिबकवर जातंय तर जाऊ द्या म्हनलं, त्यो काय कायमचा हाय हितं? पर तुमी सही करायला निघाला. तुमच्या हातनं खोटं ल्हिलं जायला नको."

पेटीत, लॉकरात, बाजरीत आणि माझ्या मोबाइलमध्ये इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून जपलेली ती एक चूक होती. मी ट्रे धरून उभा. आपण निर्दोष सुटलो का आपला गुन्हा वाटून घेतला गेला, काही उमगेना.

मॅडमनीच विचारलं, "काकू, लोणच्यावरचा कोणता?"

काकूंनी एक उचलला, वास घेतला, ठेवला. दुसरा उचलला. "ह्यो... का त्यो? धुवून समदी एकसारकी करून ठेवल्यात मेल्यानं."

"म्हंजे खडीच म्हनायची," भाऊसाहेब म्हणाले. ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते आणि पहिल्यांदाच मला म्हातारे दिसले.

"नोंद जुळली पाहिजे, एवढंच मी म्हटलं होतं," मॅडम म्हणाल्या. "जुळणारी करा. जे माहीत आहे तेवढंच लिहा. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून तुम्ही जमवले, हे खरं ना? कुठला कुठून आला ते माहीत नाही, हेही खरं. का माहीत नाही तेही लिहून टाका. तेवढी नोंद प्रत्येक दगडाला लागू पडते. मी घेते."

"ठिकान म्हाईत न्हाय अशी नोंद मी उभ्या नोकरीत केली न्हाय, मॅडम."

"खोटीही केली नाहीत ना? मग दोन्हीतलं एक निवडा."

चहावर साय धरली. मग भाऊसाहेब बसले, पट्टी घेतली आणि दुसरं वाक्य सरळ रेघेने खोडलं. त्याखाली लिहिलं: 'कारण एक, भाडेकरू. कारण दोन, लोणचं.' काकूंची साक्षीदार म्हणून सही घेतली. त्यांनी सही करायच्या आधी अट घातली, लोणच्याचा दगड घरातून जाणार नाही. कुठला ते कळत नव्हतं म्हणून त्यांच्या पसंतीचा एक ठेवून घेतला आणि 'इतर हक्क' ह्या रकान्यात काकूंचं नाव चढलं. जुनी वहीही मॅडमनी मागून घेतली. दगडांना लागू पडत नसली तरी ती खोटी नाही, म्हणाल्या. त्या रानांतून तसे दगड निघाले होते, एवढं तर तिच्यावरून कळतंच. हे ऐकून भाऊसाहेबांनी चष्मा दोनदा पुसला.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, "म्हणजे बाबा, भरावाला आता दुसरीकडून बघावं लागणार." भाऊसाहेब म्हणाले, "बघ की. पंचनामा करून आन."

दगड न्यायला टेम्पो आला तेव्हा सगळी भरणी मी केली. प्रत्येक दगड पोत्याच्या तुकड्यात गुंडाळला, घासू नयेत म्हणून मध्ये ठिबकच्या नळीचे तुकडे घातले. भाऊसाहेब वही मांडीवर घेऊन ड्रायव्हरच्या शेजारी बसले. मागे दगडांना धरायला कुणीतरी हवं होतं. मी पाण्याची बाटली घेतली, चढलो आणि मोठ्या जबाबदारीने पोत्यांच्या मधे फतकल मारली. काकू इरकली नेसून फाटकातून आल्या. आधी त्यांनी माझ्या हातातल्या बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"उतरा खाली," त्या म्हणाल्या. "दगडांसंगं कुनीतरी अक्कलवालं जाऊ द्या."